हवालदारांचा शिरका आणि काकींचं नाक

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की आमच्या सांगलीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, कान फाटतील एवढ्या आवाजात गाणी, वळणावर सांडलेली चार-दोन कांडकी आणि ती उचलायला गाडी बाजूला घेणारी, एरवी फार प्रतिष्ठित दिसणारी माणसं. शाळा सुटल्यावर मी स्कूटीवरून घरी येते, तेव्हा वाऱ्याबरोबर कारखान्याच्या मळीचा वास येतो. परगावचे लोक नाकाला रुमाल लावतात. मी मात्र स्कूटीचा वेग कमी करते. त्या जड, गोडसर, किंचित आंबूस वासात मला एक हिवाळा सापडतो. माझा नवरा फौजेतून कायमचा घरी आला, त्या वर्षीचा.

माझ्या नवऱ्याला सगळे हवालदार म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मूळ गाव फलटणजवळचं. पण माझी प्राथमिक शाळेतली नोकरी सांगलीत, त्यामुळे त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं मी इथंच काढली, सुशीलाकाकींच्या घराच्या तळमजल्यावर. काकी वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. जैन घर, सूर्य मावळायच्या आत जेवण, पाणी गाळून, कांदा-लसणाचं नाव नाही. त्यांचे यजमान हळदीचे व्यापारी होते. ते होते तोवर पोत्यातून काढलेले नमुने घरी यायचे, काकी हळकुंड मोडून नाकाशी धरायच्या आणि सांगायच्या, "हे ओलं हाय, ठेवलं तर बुरशी धरंल." त्यांचं म्हणणं कधी चुकलं नाही, असं बाजारातले जुने लोक अजून सांगतात. यजमान गेले, धंदा बंद झाला, नाक मात्र तसंच राहिलं. माझं दूध करपायच्या आधी वरून हाक यायची, "मंगल, दूध लागायलंय बघ!"

अशा नाकाखाली आम्ही शिरका, म्हणजे उसाच्या रसाचं व्हिनेगर, करायला निघालो होतो.

हवालदार घरी आले आणि पहिले तीन महिने पहाटे उठून, दाढी करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खोलीत बसून राहिले. कुठं जायचं नव्हतं. कुपवाडच्या एका कारखान्यात पहारेकऱ्याची जागा होती, ती बघायला गेले आणि अर्ध्या तासात परत आले. चप्पल काढता काढता म्हणाले, "एवढी वर्षं गेटवर उभा राहिलो. आता परत गेट?" त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मी शाळेतून यायची तेव्हा ते तिथंच असायचे, इस्त्रीसकट. सुट्टीवर आलेला नवरा मला ओळखीचा होता. हा, सुट्टी न संपणारा माणूस मला नवीन होता आणि त्याची थोडी भीतीही वाटायची.

मग एक दिवस गुऱ्हाळावरून रस पिऊन ते घरी आले ते चमकत्या डोळ्यांनी. फौजेच्या लंगरात, म्हणजे जवानांच्या जेवणघरात, त्यांच्याबरोबर जसवंत नावाचा पंजाबी मित्र होता. त्याच्या घरी दर हिवाळ्यात उसाच्या रसाचा सिरका व्हायचा, आणि सुट्टीवरून येताना तो एक बाटली हमखास आणायचा. लंगरातल्या फिक्या डाळीवर त्याचे चार थेंब पडले, की रांगेत मागं उभे असलेले जवान पुढच्यांना ढकलायचे म्हणे.

"आपल्याकडं एवढा ऊस, आणि शिरका म्हणून दुकानात काय मिळतंय? पाण्यासारखं पांढरं आम्ल!" हवालदार म्हणाले. "मी करतो. म्हयन्यात तयार."

दुसऱ्याच दिवशी उन्हातून कॅनभर रस आला. लोणच्याचं एक जुनं प्लास्टिकचं पिंप मागच्या अंगणात होतं, त्यात तो ओतला गेला. हवालदारांनी झाकण गच्च आवळलं, वर वीट ठेवली आणि दोन पावलं मागं सरून पिंपाकडं असं बघितलं, जणू आता ते सलाम ठोकणार आहे.

नवव्या दिवशी रविवार होता. वर काकींकडं दुपारी स्वाध्यायाला बायका जमल्या होत्या. मी खाली वह्या तपासत होते. अंगणात धाडकन आवाज झाला. वीट तुळशीच्या कट्ट्यापाशी जाऊन पडली, झाकण कुठं गेलं ते कळलंच नाही, आणि पिंपातून फेसाचा एक तपकिरी डोंगर उतरायला लागला. आणि वास! आठवडाभर दप्तरात विसरलेला डबा उघडला की कसा वास येतो, हे शिक्षकांना माहीत असतं. असले शंभर डबे एकदम उघडले असते तरी बरं झालं असतं. त्यात ओकारी होती, पावसात भिजलेले बूट होते, नासकं लोणी होतं. वरच्या बायका तोंडाला पदर लावून जिना उतरल्या. शेवटची बाई गेल्यावर वर जिन्याचं दार लागल्याचा आवाज आला. एवढ्या वर्षांत ते दार दिवसा कधी लागलं नव्हतं.

हवालदारांनी संध्याकाळपर्यंत गुडघ्यावर बसून अंगण घासलं. पिंप लांब नेऊन खड्ड्यात रिकामं केलं. मग हातपाय धुतले, स्वच्छ शर्ट घातला आणि वर गेले. मीही मागोमाग गेले. काकींनी दार उघडलं, पण आत या म्हणाल्या नाहीत.

"काकी, चूक माझी हाय," हवालदार सावधान उभं राहून म्हणाले. "उद्यापासून असलं काही घरात करणार न्हाई."

काकींनी कडीवरचा हात काढला. मग म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. बिघडलं कशानं, ते सांग."

हवालदारांची नजर खाली घासलेल्या अंगणाकडं गेली.

"आमच्याकडं एखादं पोतं बिघडलं तर फेकून द्यायचो. पण का बिघडलं, ते कळल्याबिगर दुसरं आणायचो न्हाई," काकी म्हणाल्या. "म्हयन्यानं परत बायका येणार हायत माझ्याकडं. तवर कारण शोध. तवा वास आला तर मग बंद कर. आणि आता आत या दोघं. दारात कशाला उभे?"

त्या रात्री हवालदार जेवले, ते मला आठवतं. तीन महिन्यांत प्रथमच भाकरी मागून घेतली होती.

आता मागं वळून बघताना वाटतं, की आम्ही तेव्हा शिरका करायला कमी आणि रस समजून घ्यायला जास्त शिकलो. उसाचा रस म्हणजे दार सताड उघडं टाकलेलं लग्नघर. कुणीतरी आत शिरणारच. आपण बोलावलेले आधी येऊन बसले, तर आगंतुकांना जागा उरत नाही. आमच्या पहिल्या रसात आम्ही कुणालाच बोलावलं नव्हतं. उन्हातून येताना आणि त्या लोणच्याच्या पिंपात जे मिळाले ते शिरले, आणि वरून आम्ही झाकण आवळून त्यांना कोंडलं. फोनवर हे सगळं ऐकून जसवंत एवढा हसला, की हवालदारांनी फोन कानापासून लांब धरला. मग त्यानं त्याच्या आईला विचारून एवढंच सांगितलं, "पहले बंद, फिर खुला. बस, इतना ही है, यारा." आधी हवा लागू द्यायची नाही, कारण तेव्हा साखरेची दारू होते. नंतर हवा द्यायची, कारण तेव्हा त्या दारूचा शिरका होतो. आम्ही दोन्ही एकाच झाकणाखाली उरकायला गेलो होतो.

दुसऱ्या खेपेला हवालदार सकाळी लवकर गुऱ्हाळावर गेले आणि रस आल्या आल्या गाळून उकळला. निवल्यावर काचेच्या दोन मोठ्या बरण्यांत भरला, तोही गळ्यापर्यंत नाही, फेसाला जागा ठेवून. बेकरीवाल्याकडून यीस्ट आणून कोमट रसात जागवलं आणि वर घातलं. झाकणाला भोक पाडून एक बारीक नळी लावली, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. आतली हवा बाहेर जाईल, बाहेरची आत येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाटलीत गुबुक, गुबुक सुरू झालं. मी चहा करायची आणि ते मोजायची. हवालदार येऊन म्हणायचे, "रिपोर्ट?" मी म्हणायची, "ओके रिपोर्ट, साहेब." अशी थट्टा आमच्यात त्याआधी कधी नव्हती. वर्षातून दोनदा भेटणाऱ्या नवरा-बायकोला थट्टा करायला सवड कुठली? कामाच्याच गोष्टी संपत नाहीत.

पाचव्या दिवशी वरून हाक आली. "हवालदार! गंधकाचा वास यायलाय!"

आम्ही बरणीशी नाक नेलं. अंडं नासल्यासारखा वास होता. काकींना अंड्याचा वास माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांना फटाक्यांचा आठवला. थंडी पडली म्हणून हवालदारांनी बरण्या बंबाशेजारी ठेवल्या होत्या, आणि तिथं त्या भलत्याच तापत होत्या. त्या रविवारनंतर काकी पहिल्यांदाच खाली आल्या, नाकाला पदर न लावता. बरणीकडं बराच वेळ बघितलं.

"यात जीव असत्यात न्हवं?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, आता संपलं. हवालदार म्हणाले, "असत्यात, काकी. डोळ्याला न दिसणारे."

"तू मारतोस त्यांना?"

"न्हाई. सांभाळतो म्हणा की. ते नीट जगले तरच काम होतंय."

काकींनी वाकून बरणीचा वास घेतला. मग म्हणाल्या, "मी हे कवा खाणार न्हाई. आमच्यात चालत न्हाई. पण वास घ्यायला मला कुणाची बंदी न्हाई." जिन्याकडं वळल्या आणि थांबल्या. "आणि हे बघ, तापवून ठेवलंस आणि नुसता गोड रस दिलास. भूक लागली असंल त्यांना."

दहा मिनिटांनी त्या वाटीभर बेदाणे घेऊन आल्या. तासगावकडचे, हिरवट, लांबट. हवालदारांनी ते चिरून, वाफवून दोन्ही बरण्यांत टाकले, रस उंचावरून दुसऱ्या स्वच्छ बरण्यांत ओतला आणि बंबापासून हलवून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवला. दोन दिवसांत गंधक गेलं. बेदाण्यांनी गेलं, ओतताना उडून गेलं, की नुसत्या जागेच्या बदलानं, हे मला आजही सांगता येणार नाही. काकींच्या मनात मात्र शंका नव्हती. रोज सकाळी त्या वरून विचारायच्या, "जेवले का रं ते?"

मग ती रोजचीच ड्यूटी झाली. काकी सकाळी पाणी गाळता गाळता खिडकीतून सांगायच्या: आज पिकलेल्या केळ्यासारखं. आज नव्या पावासारखं. आज काहीच न्हाई, काय केलंस? हवालदारांनी एक वही घातली आणि त्यात त्यांच्या शब्दांत लिहून ठेवायला लागले. एका पानावर नुसतंच लिहिलंय, "काकी आज खूश."

गुबुगुबु थांबलं. तळाशी गाळ बसला. जसवंतच्या आईनं फोनवर बजावलं होतं, की त्या गाळावर रस ठेवलात तर पुन्हा नासका वास धरेल. म्हणून हवालदारांनी वरचा नितळ भाग अलगद काढून दोन रुंद तोंडाच्या बरण्यांत घेतला. त्याच आठवड्यात पंजाबातून एक पार्सल आलं होतं. जुन्या टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा डबा, डब्यात बाटली, बाटलीत त्यांच्या घरचा सिरका आणि त्यात तरंगणारी सायीसारखी चकती. तिला ते 'माँ' म्हणतात; नव्या शिरक्याला ती विरजणासारखी. हवालदारांनी बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि बरण्यांत ओतली. आता वेळ होती, 'फिर खुला'ची.

पण इथं आमचा धीर सुटला. महिना संपत आला होता, बायका परवावर आल्या होत्या, आणि वास वर गेला तर काय, म्हणून आम्ही बरण्यांची तोंडं पुन्हा घट्ट बंद केली. कल्पना माझी होती. दुसऱ्या दिवशी फटीतून असा उग्र, डोळ्यांत जाणारा वास यायला लागला, की मला वाटलं, कुणी नेलपॉलिश काढायचं औषध सांडलंय.

काकी खाली आल्या. झाकणं बघितली.

"हे कुणी लावलं?"

"मी, काकी," मी म्हणाले. "उद्या बायका येणार, वास नको यायला म्हणून..."

"वास येईल म्हणून तोंड बांधलंस, म्हणून तर वास यायलाय, पोरी. उघड ते!"

"आवं, पण उद्या..."

"उद्याचं मी बघते. पातळ फडकं बांध, आणि खिडकी उघड."

मी उघडली. हवालदार बरणीच्या तोंडावर मलमलचं फडकं ताणत होते. त्यांच्या हातांकडं बघताना मला एकदम वाटलं, की घरी आल्यापासून मी यांनाही असंच झाकत होते. कुणी विचारलं तर "विश्रांती घेताहेत" म्हणायचं, पुढची खिडकी लोटून घ्यायची, त्यांचं रिकामं बसणं बाहेर दिसू द्यायचं नाही. ते मी त्यांना त्या दिवशी सांगितलं नाही. नंतर कधीतरी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "कळत हुतं की मला. इस्त्री उगंच करत हुतो का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका आल्या. एकेक जिना चढत होती आणि मी दाराआड उभी राहून त्यांचे चेहरे बघत होते. उघड्या खिडकीतून वाऱ्याबरोबर उग्रपणा बराचसा निघून गेला होता, मागं राहिला होता एक कोवळा आंबट वास. मधल्या पायरीवर एक बाई थांबली. नाक वर केलं. "चिंचगूळ शिजायलाय का कुठं?" तिनं विचारलं.

वरून काकींचा आवाज आला, "खाली आमच्या हवालदारांचं काम चाललंय. वर या, उशीर व्हायलाय."

आमच्या हवालदारांचं काम. मी मागं वळून बघितलं. हवालदार बरणीपाशी बसले होते आणि मांडीवरची वही उगीचच सरळ करत होते. त्या दुपारी वरून स्वाध्यायाचे शब्द येत होते, खाली फडक्याआड रस निवांत आंबत होता, आणि मी जवळजवळ तासभर काहीही न करता पायरीवर उन्हात बसून राहिले. एवढं साधं सुख मला पुन्हा क्वचित मिळालं.

आता हवालदारांची कुपवाडला एक छोटी शेड आहे. दर हंगामात तिथं ओळीनं पिंपं लागतात. काही नळीवाली, काही फडक्यांची. बाजूच्या वर्कशॉपचे कामगार दुचाकी लावता लावता हुंगतात आणि म्हणतात, "हवालदार, यंदा वास लवकर आला की!" कुठल्या पिंपाला कधी हवा द्यायची, कुठलं थंडीत कांबळ्यात गुंडाळायचं, हे त्यांना आता तोंडपाठ आहे. तरी दर रविवारी एक लहान बाटली काकींच्या नाकाखाली जाते. वय वाढलंय, जिना उतरताना त्या कठडा धरतात. पण परवाच म्हणाल्या, "तिसऱ्या पिंपाचा गाळ काढला न्हाईस." आणि खरंच काढला नव्हता.

पण मला सांगायचाय तो त्या पहिल्या वर्षीचा गुढीपाडवा. थंडी संपली होती, उन्हानं बरण्या लालसर तांबूस दिसत होत्या. संध्याकाळी काकी खाली आल्या, फडकं बाजूला करून वाकल्या, डोळे मिटले आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मग सरळ होऊन म्हणाल्या, "झाला. आता वेळ घालवू नको. आणखी हवा दिलीस, तर हाय ती धार पण जाईल. गळ्यापर्यंत भर आणि बुचं लाव."

हवालदारांनी तसंच केलं. शेवटच्या बाटलीत मावला नाही तेवढा वाटीत उरला. हवालदारांनी बोट बुडवून चाखलं, डोळे गच्च मिटले आणि हसायलाच लागले. मग वाटी माझ्याकडं दिली.

काकी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या होत्या. "मंगल," त्या म्हणाल्या, "कसा लागतोय, मला सांग."

मी चाखलं. एवढी वर्षं मुलांना भाषा शिकवत होते, पण त्या क्षणी शब्द शोधावे लागले. "आधी जिभेच्या कडांना चिमटा बसतोय, काकी. तोंडाला पाणी सुटतंय. मग मागनं गूळ येतोय, पण अगदी थोडा. गुऱ्हाळातल्या काहिलीच्या काठाला चिकटलेला असतो न्हवं, तसा."

"कडू?"

"अजिबात न्हाई."

"गिळल्यावर?"

"घशात ऊब ऱ्हातीय. कोवळ्या उन्हासारखी."

काकी डोळे मिटून ऐकत होत्या. "आणि सगळ्यात शेवटी," त्या सावकाश म्हणाल्या, "उसाच्या हिरव्या सालीसारखं कायतरी? दातानं सोलताना लागतंय तसं?"

मी पुन्हा चाखलं. थांबले. खरंच होतं. अगदी टोकाला, जाता जाता. माझ्या जिभेला ते कळलंच नव्हतं.

"व्हय काकी," मी म्हणाले. "हाय की!"

"हाय न्हवं?" त्यांचा चेहरा उजळला. "मला वाटलंच हुतं."

दिवस मावळायला आला होता, त्यांच्या जेवणाची वेळ झाली होती. पदर सावरून त्या उठल्या आणि तरण्या बाईसारख्या भराभर जिना चढून गेल्या.